अनवाणी बोट : गडहिंग्लज ते पणजी, आंबोलीमार्गे

कर्र... कर्र... कर्र...

साडेपाचच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी हा आवाज सुरू व्हायचा. माझा मुलगा बसू सहावीत असताना बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मी त्याला चपला करून घेतल्या होत्या. तळव्याच्या दोन थरांत कसलंसं बी घालून शिवलेल्या, चालताना करकरणाऱ्या. शाळा सुटून पोरगं घरी यायच्या आधी त्याचा आवाज घरी यायचा. आमची मंडळी, म्हणजे शांता, चुलीपाशी बसल्या जागी म्हणायची, "आलं माझं वासरू," आणि तव्यावर भाकरी टाकायची. भाकरी फुगायची आणि बसू उंबऱ्यात यायचा. हे गणित कधी चुकलं नाही.

गेल्या वेळी इथं मी आंबोलीबद्दल दोन ओळी लिहिल्या, तेव्हा तिघाचौघांनी विचारलं की मास्तर, त्या वाटेनं गोव्याला जाता येतं का, किती वेळ लागतो, राहायचं कुठं. सांगतो. पण त्या वाटेनं मी गेलो ते गोवा बघायला नव्हे, आणि ते वगळून वाट सांगणं मला जमणार नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मुलांच्या सहलीबरोबर. त्याआधी वीस वर्षं तो फळ्यावर शिकवत होतो. गलबतं, शिडं, दीपस्तंभ, लाटांचे अनुप्रास. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला माझाच मुलगा त्या कविता तोंडपाठ करत होता. शेणगोवऱ्यांच्या, उसाच्या, हिरण्यकेशी नदीच्या या गावात त्याच्या डोक्यात समुद्र कुणी घातला असेल तर तो मी. शांता हे मला आजही ऐकवते.

बसवराज शहाण्णव साली घरातून गेला. आधी गोव्यात हॉटेलात, मग मुंबईत कुणाच्या तरी बोटीवर, आणि दोन हजार एक साली परदेशात. श्रीमंत लोकांच्या खासगी बोटी असतात, यॉट म्हणतात, त्यांच्यावर डेकहँड. म्हणजे डेक धुणारा, दोर बांधणारा, चकचकीत ठेवणारा. फोन महिन्यातून एकदा. पैसे वेळेवर. तो स्वतः मात्र सहा वर्षांत एकदाही आला नाही. हंगाम संपला की बोट दुसऱ्या समुद्रात जायची आणि तिथं दुसरा हंगाम सुरू व्हायचा.

२००७ च्या डिसेंबरात त्याचा फोन आला.

"अप्पा, बोट गोव्याला येतीय. तीन दिवस. पाहुणे आहेत बोटीवर, त्यामुळं मला उतरता येणार नाही. तुम्ही या की. वीस मिनिटं तरी भेटू."

त्याच दिवाळीत मिरजेच्या डॉक्टरांनी शांताच्या डोळ्यांचं सांगितलं होतं. काचबिंदू. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यात बोगद्यातून दिसावं तेवढं उरलं होतं. "उन्हाळ्यापर्यंत राहील, पुढं खात्री नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. मी शांताला म्हटलं, चल, दोघं जाऊ.

"मी न्हाई यायची. घाटात मला उलट्या हुत्यात. आणि ह्या डोळ्यांनी त्या बोटीवर कुठं चढू? त्यानं यायचं घरी. पोरगं आईकडं येतंय, आई पोराकडं न्हाई." मग म्हणाली, "एक रात घेऊन या त्याला. तोंड बघते. मग जाऊ दे कुठं जायचं ते."

एवढंच काम घेऊन मी निघालो.

दिवस पहिला

सकाळी सातची गाडी धरली. गडहिंग्लजहून आजरा, आंबोली करत सावंतवाडी. तिकीट तेव्हा साठ रुपयांच्या आसपास होतं आणि वेळ साडेतीन तास धरा, घाटात ट्रक आडवा नसेल तर. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात शांतानं दिलेल्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या पोळ्या. आजऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथं उतरून पावशेर काजू घेतले. तिथले काजू घ्याच. दुकानदाराला चव बघायला मागितली तर देतो, पण दोनच.

कंडक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. तीस-बत्तीस वर्षं शिकवलं की महाराष्ट्राचा प्रत्येक तिसरा कंडक्टर आपला विद्यार्थी असतो.

"काय मास्तर, ह्या वयात गोव्याला? काय बेत हाय?"

"मुलाला आणायला चाललोय."

"बसू? जहाजावर हाय न्हवं तो? आमचा एक भाऊ म्हणतोय, तिथं नळाला सोन्याच्या तोट्या असत्यात."

"असतील."

"मग कशाला येतोय त्यो एसटीत बसून!" असं म्हणून तो हसला आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला वळला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ऊस मागं पडला, झाडी दाट झाली आणि आंबोलीला धुकं खिडकीतून आत आलं. इथं चहा घ्या. थंडीत हात गरम करायला तो कप बरा, चवीचं मी काही बोलत नाही. घाट उतरताना खिडकीची जागा धरा. हजारएक वर्षं कुणी हाक मारली नसावी अशा दऱ्या आहेत त्या. मला तिथं नेहमी कविता आठवतात. त्या दिवशी एकही आठवेना. मी मनात एकच वाक्य घोकत होतो: बसू, एक रात्र चल. रस्ता पाच तासांचा आहे.

सावंतवाडीला स्टँडवर उसळ-पाव खाल्ला आणि कदंबाची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, गाडी धरली. बांदा, म्हापसा, पणजी. हवा जड होत गेली, सदरा पाठीला चिकटला. पणजीत स्टँडजवळच्या लॉजमध्ये अडीचशे रुपयांत खोली मिळाली. पंखा होता, पाणी होतं, उशी नव्हती. आमच्यासारख्या शाकाहारी माणसानं गोव्यात घाबरू नये. सकाळी पातळभाजी आणि गरम पाव कुठंही मिळतो आणि तो कोल्हापूरकरालाही मान्य व्हावा.

दिवस दुसरा

मांडवी जिथं समुद्राला मिळते त्या बाजूला एका हॉटेलाचा खासगी धक्का आहे. फाटकावरच्या राखणदारानं विचारलं, "पात्रांव, खंय वतात?" म्हणजे मालक, कुठं निघालात. मी बसूचं नाव सांगितलं. त्याला कळेना. मग फोनवर बसूनं सांगितलेलं दुसरं नाव सांगितलं, "बॅझ." तो लगेच हसला. बोटीवर बसवराज म्हणायला कुणाची जीभ वळत नाही, म्हणून त्यांनी त्याचा बॅझ केला होता. मुंज, बारसं काही न करता.

बोट दिसली आणि मी उभाच राहिलो. आमच्या हायस्कुलाची इमारत एवढी लांब नसेल. पांढरी, इतकी पांढरी की डोळे मिटावेत. तिच्या अंगात आकाश दिसत होतं, पाणी दिसत होतं, धक्क्यावर उभा असलेला धोतर-टोपीतला एक म्हातारा दिसत होता. शिकवलेल्या सगळ्या उपमा मला तिथं जुन्या वाटल्या.

बसू धावत आला. पांढरा शर्ट, खाकी अर्धी चड्डी, अनवाणी. केस कानाजवळ पिकलेले. त्यानं आधी मागं वळून वर बघितलं, कुणी नाही असं पाहून माझ्या पायांना हात लावला.

"अप्पा, चपला इथं."

शिडीच्या पायथ्याशी वेताची एक मोठी टोपली होती. बोटीवर कुणीही पायताण घालून चढत नाही. लाकडाच्या डेकवर ओरखडा उठतो. मालक असो, पाहुणा असो, कप्तान असो की डेकहँड, सगळे अनवाणी. टोपलीत सगळ्यांची पायताणं एकत्र पडलेली. मी माझ्या कोल्हापुरी त्यात ठेवल्या. मला ही चाल फार आवडली. आमच्या वर्गात कोण कुणाचा मुलगा हे मी चपलांवरून ओळखायचो. इथं तो प्रश्नच मिटलेला. मी तसं बसूला म्हटलं तर तो नुसता हसला.

पाहुणे देवळं-चर्च बघायला गेले होते. कप्तानानं वीस मिनिटं दिली होती आणि तीसुद्धा खालच्या भागात. बसूनं मला त्याची खोली दाखवली. दोन माणसांची. एसटीच्या बाकाएवढे दोन बर्थ, एकावर एक. खिडकी नाही. पाण्याची पातळी आपल्या डोक्याच्या वर आहे असं त्यानं सहज सांगितलं.

"मग रात्री लाटांचा आवाज येत असेल?" मी विचारलं.

"जनरेटरचा येतो."

पाहुणे असले की सोळा-सोळा तास काम. पहाटे उठून आधी सगळी बोट गोड्या पाण्यानं धुवायची, कारण रात्रीचं मीठ वाळलं तर डाग पडतो. मग मऊ कातड्यानं पुसायची. दुपारी पुन्हा. पाहुण्यांच्या आवडीनिवडीचा कागद पाठ करायचा: कुणाला लिंबू चालत नाही, कुणाला पांढरी फुलं चालत नाहीत. मला वाटलं, पाठांतर चांगलं होतंच पोराचं.

"आणि अप्पा, मुख्य म्हणजे दिसायचं नाही. पाहुणा समोरून आला की आपण वळायचं. गाठ पडलीच तर हसायचं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आपलं घरचं, दुखणंखुपणं तर कधीच नाही. गेल्या वर्षी एका स्वयंपाकिणीनं पाहुण्यांतल्या एका बाईला आपल्या आजारी बापाचं सांगितलं. पुढच्या बंदरात तिला उतरवली."

मग मी माझं वाक्य बोललो. आईच्या डोळ्यांचं सांगितलं. उन्हाळ्याचं सांगितलं.

"परवा बोट कोचीला निघते," तो म्हणाला. "मेच्या शेवटी सुट्टी आहे माझी. कप्तानाला विचारलं मी. फोन करायच्या आधीच विचारलं होतं. नाही म्हणाला. अप्पा, पुढच्या हंगामाला मला बोसन करणार आहेत. डेकवरच्या सगळ्यांचा प्रमुख. सहा वर्षं त्यासाठी काढली. अव्वाला म्हणावं, मे." आईला तो अव्वाच म्हणतो.

"मेपर्यंत तिला दिसेल का, बसू?"

"वेळ झाली, अप्पा."

वर येताना मी तोल सांभाळायला जिन्याच्या कठड्यावर हात टेकला. आरशासारखा स्टीलचा कठडा. मी हात उचलला तर पाचही बोटांचा ठसा उमटलेला. बसूनं खिशातून फडकं काढलं आणि तो ठसा पुसला. माझ्याकडे बघत, बोलत बोलत पुसला. आपण काय केलं हे त्याला कळलंही नसावं. मी पुढची चार पावलं हात छातीशी धरून चाललो.

डब्याची पिशवी त्यानं घेतली नाही. "खाली चटणीचा वास चालत नाही. राखणदाराकडं ठेवा, मी संध्याकाळी धक्क्यावर येऊन खातो."

टोपलीतून चपला शोधून मी खाली आलो. राखणदार जेवायला गेला होता. म्हणून धक्क्यावर बाकड्यावर बसलो, पिशवी मांडीवर घेऊन.

अर्धा तास झाला असेल. बोटीवरून एक म्हातारा उतरला. माझ्याच वयाचा. विटलेला टीशर्ट, अर्धी चड्डी, अनवाणी. गुडघे धरत धरत आला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. मी मनात म्हटलं, हा इंजिनातला किंवा स्वयंपाकातला कुणी जुना माणूस. पायात काही नाही म्हणजे बोटीवरचा नोकर. हे मी अगदी सरळ धरून चाललो. टोपलीची चाल मला तासापूर्वी समजली होती, आवडली होती, तरीही.

"काय आहे पिशवीत? वास छान येतोय," तो मराठीत म्हणाला. मुंबईकडची मराठी.

आमच्याकडे अनोळखी माणूस जेवणाच्या वेळी शेजारी बसला तर एकच गोष्ट करतात. "या पावणं, दोन घास घ्या."

त्यानं घेतले. कडक भाकरी मोडून चटणीशी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ली. "माझी आजी करायची," म्हणाला.

"तुम्ही बोटीवरचेच का?"

"हो."

"बाकीचे हिंडायला गेले, तुम्ही नाही?"

"गुडघे. मला त्या पायऱ्या नकोत आता."

एवढ्यावर माझं तोंड सुटलं. वर्गाबाहेर मी एवढं कधी बोलत नाही. सगळं सांगितलं. माझा मुलगा इथं सहा वर्षं आहे. त्याच्या खोलीला खिडकी नाही. सोळा तास राबतो. आईचे डोळे जाताहेत आणि घर पाच तासांवर आहे, पण कप्तान एक रात्र सोडत नाही. "तुम्ही जुने दिसता," मी म्हटलं, "तुमचा शब्द ऐकतील. कप्तानाच्या कानावर घाला. एक रात्र."

त्याचं चावणं थांबलं होतं. "नाव काय मुलाचं?"

"बसवराज. तुमच्यात बॅझ म्हणतात."

"बॅझ," तो म्हणाला. ते नाव माणसाचं आहे हे पहिल्यांदाच कळल्यासारखा. "बघतो मी." मग उठला, मला नमस्कार केला आणि हळूहळू शिडीकडे गेला.

शिडीपाशी पोचायच्या आत वरून बसू धावत आला. एका हातात पाण्याची झारी, दुसऱ्या हातात गुंडाळलेला पांढरा टॉवेल. तो गुडघ्यांवर बसला. म्हाताऱ्यानं एक पाय पुढं केला, मग दुसरा. बसूनं धक्क्यावरची माती धुतली, बोटांच्या मधून पुसलं. मग तोच टॉवेल उलटा करून वर धरला, तेव्हा म्हाताऱ्यानं आपले हात त्याला पुसले.

टॉवेलवर लाल चटणी उमटली.

बसूनं टॉवेलकडे बघितलं. मग मान वर करून बाकड्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर शांताचा डबा उघडा होता.

म्हातारा, म्हणजे बोटीचा मालक, वर गेला. बसू गुडघ्यांवर तसाच होता. त्यानं मला हाक मारली नाही, हातही केला नाही. पुढच्या क्षणी तो उठून वळला, दिसेनासा झाला, जसं त्याला शिकवलं होतं तसं.

संध्याकाळपर्यंत मी तिथं बसलो. डबा खायला कुणी आलं नाही. शेवटी पिशवी राखणदाराला दिली आणि लॉजवर गेलो.

दिवस तिसरा आणि पुढे

परतीची तीच वाट. म्हापसा, सावंतवाडी, घाट. वर चढताना कानात दडे बसतात, आवंढा गिळत राहा. आजऱ्याला उतरलो नाही. एकूण खर्च हजाराच्या आत बसला. तुम्हाला दोघांना दोन हजार धरा, म्हणजे नीट राहणंही होईल.

शांता उंबऱ्यातच बसली होती. माझ्या चपलांबरोबर दुसऱ्या चपला नाहीत हे तिनं मी फाटकात असतानाच ओळखलं.

"न्हाई आला."

"मेमध्ये येतो म्हणालाय. मोठी बढती आहे त्याला."

"कसा दिसतोय?"

"अंगानं भरलाय. गोरा झालाय. हसत होता."

"डबा खाल्ला?"

"सगळा."

ती हसली आणि भिंत चाचपत आत गेली. अशी मी तिला सहा-सात वाक्यं सांगितली आणि त्यातली निम्मी खोटी होती. मालकाचं तर मी एक अक्षर बोललो नाही.

त्या प्रवासातून माझ्याजवळ काय राहिलं, हे त्या आठवड्यात मी पुन्हा पुन्हा तपासलं. आंबोलीचं धुकं राहिलं नाही. मांडवीचं तोंड राहिलं नाही. त्या चकचकीत कठड्यावर क्षणभर उमटलेला माझा पंजा राहिला, आणि तो पुसणारा माझ्या मुलाचा हात. मी मनाला समजावत होतो की तो म्हातारा भला माणूस होता. आजीची आठवण काढणारा माणूस कुणाचं वाईट करणार नाही. यात काही खोटं नव्हतं, हेही मला नंतर कळलं.

आठव्या दिवशी संध्याकाळची वेळ होती. शांता भाकऱ्या थापत होती, अंदाजानं, कडा फाटत होत्या. मी माझ्या जुन्या वह्या घेऊन सोप्यात बसलो होतो. कसलाही आवाज झाला नाही. उजेड थोडा अडल्यासारखा वाटला म्हणून मी मान वर केली.

दारात बसू उभा होता. त्याच्या खांद्यावर एक मोठी पिशवी, हातात दुसरी, पायाशी तिसरी. एका रात्रीसाठी कुणी एवढं सामान आणत नाही. अंगात पांढराच शर्ट होता, पण छातीवर बोटीचं नाव होतं तिथले टाके उसवलेले होते.

"मालक चांगला माणूस आहे, अप्पा," तो हळू आवाजात म्हणाला. "कप्तानाला म्हणाला, या मुलाला घरी पाठवा, आई आजारी आहे त्याची. कप्तानानं पाठवलं. सगळं सामान बांधून."

मांडीवरच्या वह्या मी बाजूला ठेवल्या.

"कोण आलंय हो?" आतून शांतानं विचारलं. "पायांचा आवाज कसा न्हाई?"

तिनं पुन्हा विचारलं आणि मग पिठाचे हात पुढं धरून, भिंतीच्या कडेकडेनं ती दाराकडे येऊ लागली. बसू उंबऱ्याच्या बाहेरच होता. त्यानं वाकून बूट काढले, दोन्ही हातांत धरले, आणि ते कुठं ठेवायचे हे कुणी सांगेल म्हणून माझ्याकडे बघत उभा राहिला.